सपाट पावलांची मुले : बूट नको, लंगडी हवी

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस पासलीहून एक आजी आपल्या सात वर्षांच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. वेल्ह्याहून केळदकडे, मढे घाटाच्या बाजूला निघाले की वाटेत पासली लागते. सगळा डोंगरी मुलूख, चार महिने पाऊस, चिखल आणि भातखाचरे. आजींनी पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. शहरात नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाने पोराचे पाय एका दुकानात दाखवले होते. दोन्ही पाय सपाट आहेत, आताच खास बूट घातले नाहीत तर पुढे चालणे अवघड होईल, पाठीचा कणा वाकेल, असे तिथे सांगण्यात आले आणि बुटांच्या किमतीचा कागद हातात देण्यात आला. पाय वाढेल तसा दर सहा महिन्यांनी नवा जोड घ्यावा लागणार होता.

"दोन शेरडं इकायची का न्हाई, तेवढं सांगा डाक्टर," आजी म्हणाल्या.

मी पोराला चपला काढून फरशीवर उभे केले. दोन्ही तळवे खरोखरच फरशीला पुरते टेकलेले होते, आतल्या बाजूला खळगा असा नव्हताच. मग कपाटावरच्या गोळ्यांच्या बरणीकडे बोट दाखवून म्हटले, "हात पुरतो का बघ." पोरगा चवड्यांवर उंच झाला. "आजी, आता त्याच्या पायांकडे बघा."

आजी वाकून पाहू लागल्या. टाचा उचलल्याबरोबर दोन्ही पावलांत सुरेख कमान उभी राहिली होती. "आरं, ह्यो खळगा कुठनं आला?" त्या म्हणाल्या.

खळगा कुठून आला हे एकदा नीट समजले, की निम्म्याहून अधिक पालकांची काळजी तिथेच मिटते. म्हणून आजचा लेख या विषयाला दिला आहे.

आपल्या एका पावलात २६ हाडे असतात. ती सपाट न मांडता कमानीसारखी रचलेली असतात. ही कमान तीन गोष्टींच्या आधारावर उभी असते. पहिली म्हणजे हाडांची आपापसातली ठेवण, दुसरी म्हणजे हाडांना हाडांशी बांधणारे अस्थिबंध आणि तिसरी म्हणजे स्नायू. काही छोटे स्नायू तळव्यातच असतात. काही पोटरीतून निघून दोरीसारख्या कंडरांनी पावलाला ओढून धरतात. त्यातला एक महत्त्वाचा स्नायू नडगीच्या मागून निघतो, आतल्या घोट्याला वळसा घालून तळव्यात शिरतो आणि कमान वर उचलून धरतो. मूल चवड्यांवर उभे राहते तेव्हा हे स्नायू आवळले जातात, अंगठा वर वळल्याने तळव्यातला जाड पडदा ताणला जातो आणि कमान वर येते. मूल पुन्हा टाच टेकवते, सैल अस्थिबंध अंगाच्या भाराने ताणतात आणि कमान खाली बसते. याला लवचीक सपाट पाऊल म्हणतात. कमान आहे, ती हलते आहे, फक्त उभे राहिल्यावर दिसत नाही, इतकाच त्याचा अर्थ.

जन्मताना तर जवळजवळ सगळ्याच बाळांचे तळवे सपाट दिसतात. तिथे चरबीची जाड गादी असते आणि सांधे कमालीचे सैल असतात. तान्ह्या बाळाचा अंगठा त्याच्याच तोंडात सहज जातो, तो या सैलपणामुळेच. दोन-तीन वर्षांनंतर कमान हळूहळू दिसू लागते आणि बहुतेक मुलांत ती सहा ते दहा वर्षांच्या दरम्यान ठरते. ऑस्ट्रियात तीन ते सहा वर्षांच्या ८३५ मुलांची तपासणी करून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन वर्षांच्या मुलांपैकी ५४ टक्क्यांची पावले सपाट होती, सहा वर्षांच्या मुलांत हे प्रमाण २४ टक्क्यांवर आले होते. खरा दोष म्हणावा अशी पावले एक टक्काही नव्हती. तरीही त्यातली दहा टक्के मुले बुटात आधार घालून हिंडत होती. म्हणजे नको तिथे बूट विकत घेणारे पालक केवळ आपल्याकडेच आहेत असे नाही.

मोठे झाल्यावरही काहींची पावले सपाटच राहतात. बहुधा घरात आजोबांचे, वडिलांचे पायही तसेच असतात. पासलीच्या आजींना मी त्यांचे स्वतःचे पाय दाखवायला सांगितले. त्यांचेही तळवे सपाटच निघाले! त्याच पायांनी त्यांनी पन्नास पावसाळे भात लावला आहे.

घरच्या घरी परीक्षा

गौरी आणताना आपण दारापासून देव्हाऱ्यापर्यंत पावले काढतो. त्या पावलांना मधे बारीक कंबर असते. बहुधा त्यामुळेच पाऊल म्हणजे असेच असायला हवे, हे चित्र आपल्या डोळ्यांत बसले आहे. मुलाचा पाय ओला करून त्याला कोरड्या शहाबादी फरशीवर किंवा जुन्या वर्तमानपत्रावर उभे करा. ठसा मधे अरुंद दिसला तर कमान आहे. सगळा तळवा भरून उमटला तर पाऊल सपाट आहे. पण या परीक्षेवर थांबू नका, कारण ठसा केवळ आकार सांगतो.

दुसरी परीक्षा चवड्यांची. मूल भिंतीला हात लावून चवड्यांवर उभे राहिले की मागून पाहावे. कमान वर यायला हवी आणि टाचा किंचित आतल्या बाजूला वळायला हव्यात. तिसरी परीक्षा अंगठ्याची. मूल सरळ उभे असताना त्याचा पायाचा अंगठा आपल्या हाताने वर उचलावा. त्याबरोबर खळगा दिसू लागला तर पाऊल लवचीक आहे.

चौथी परीक्षा आपल्या घरात रोजच होत असते. मुलाला दोन्ही पावले सरळ समोर ठेवून उकिडवे बसायला सांगा. टाचा जमिनीला टेकलेल्या राहतात का? टाचा उचलल्या जात असतील किंवा मूल मागे कलंडत असेल, तर पोटरी आणि टाचेमागची जाड शीर आखडलेली असू शकते. पावले बाहेर फाकवून बसल्यास मात्र ही परीक्षा फसते, म्हणून बोटे समोरच राहतील हे पाहावे. शहरातल्या मुलांना कमोडमुळे आणि खुर्चीमुळे उकिडवे बसण्याची सवयच उरलेली नाही, आणि पोटरी आखडलेली मुले शहरात मला जास्त दिसतात असा माझा अनुभव आहे.

या चौथ्या परीक्षेला मी फार महत्त्व देतो. कॅनडाच्या लष्कराने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकांच्या पावलांची मोठी पाहणी केली होती. हॅरिस आणि बीथ या डॉक्टरांनी ३,६१९ सैनिक तपासले आणि १९४७ साली अहवाल दिला. नुसत्या लवचीक सपाट पावलाचा सैनिकांना त्रास नव्हता. त्रास होता तो पाऊल सपाट असून टाचेची शीरही आखूड असलेल्यांना. शीर आखूड असली की टाच टेकवण्यासाठी पाऊल मधेच मोडल्यासारखे वाकते आणि सारा ताण आतल्या बाजूवर येतो. तेव्हा आधी शीर सैल करायची. हे काम व्यायामाने होते, बुटाने होत नाही.

बुटांचे काय?

अमेरिकेत टेक्सासमधील डॅलस येथील मुलांच्या एका रुग्णालयात याची रीतसर परीक्षा झाली. डॉ. वेंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक ते सहा वर्षे वयाच्या सपाट पावलांच्या मुलांचे गट पाडले. काहींना खास बूट, काहींना बुटात बसवायचा टणक आधार आणि काहींना काहीच नाही. किमान तीन वर्षे सांभाळून क्ष-किरण चित्रे काढली. पूर्ण काळ टिकलेल्या ९८ मुलांचा निष्कर्ष १९८९ साली प्रसिद्ध झाला. सगळ्याच गटांतील पावले सुधारली होती आणि गटागटांत फरक नव्हता. ज्यांना काहीच दिले नव्हते तीही तेवढीच सुधारली. बूट घालणाऱ्यांच्या आईवडिलांना मात्र ती बुटाने सुधारली असेच वाटले असते. वाढीचे श्रेय बुटाला मिळते, हा या धंद्यातला सारा चमत्कार आहे.

आपल्या शेजारच्या कर्नाटकातून आणखी एक पाहणी आली. डॉ. राव आणि डॉ. बेंजामिन जोसेफ यांनी चार ते तेरा वर्षांच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे घेतले आणि १९९२ साली निष्कर्ष मांडले. पायात पादत्राणे वापरणाऱ्या मुलांपैकी ८.६ टक्के मुलांची पावले सपाट होती. अनवाणी हिंडणाऱ्या मुलांत हे प्रमाण २.८ टक्के होते. बंद बूट घालणाऱ्यांत सर्वांत जास्त, सँडल-चपला घालणाऱ्यांत त्याहून कमी. यावरून बुटाने पाऊल सपाट होतेच असे सिद्ध होत नाही, पण लहानपणी तळव्यातले स्नायू मोकळे वापरले गेले तर ते कमानीला पोषक ठरते, असा त्याचा कल आहे.

आता हे वाचून कोणी मुलांना रानात अनवाणी धाडू नये. वेल्ह्यासारख्या भागात पावसाळ्यात फुरसे, घोणस, नाग यांचा धोका रोजचा आहे. काटा, काच आणि गंजका पत्रा वेगळाच. शौचाने दूषित झालेल्या ओल्या मातीतून हुकवर्मच्या अळ्या तळव्याच्या कातडीतूनच शरीरात शिरतात आणि मुलाचे रक्त शोषतात. तेव्हा अंगणात, ओटीवर, घरात आणि स्वच्छ वाळूत अनवाणी, रानात आणि रस्त्यावर पायात काहीतरी हवेच. ते काहीतरी कसे असावे? बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा, मागे टाच धरणारा पट्टा आणि चवड्यापाशी सहज वाकणारा तळ. 'वाढते अंग आहे' म्हणून दोन वर्षांच्या मापाचे बूट जूनमध्येच घेऊन टाकण्याची आपली सवय मला समजते, खिशाचा प्रश्न असतो. पण सैल बुटात मूल बोटे आवळून चालते आणि ठेचकाळते. बूट एका बोटाने मोठा चालेल, दोन बोटांनी नको.

व्यायाम कुणी करायचे?

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण वर्तमानपत्रांतून आणि जाहिरातींतून उलटच सांगितले जाते. व्यायामाने सपाट पावलात कायमची कमान तयार होते, असे खात्रीने सांगण्याजोगा पुरावा नाही. कमान येणार असेल तर ती वयाने येते. मग व्यायाम कशासाठी? ज्या मुलाचे पाय संध्याकाळी दुखतात, जे लवकर थकते, धावताना मागे पडते, ज्याची पोटरी आखडलेली आहे, त्याच्यासाठी. तळव्यातले आणि पोटरीतले स्नायू बळकट झाले की पाऊल भार चांगला पेलते, दुखणे कमी होते आणि तोल सुधारतो. पायाचे दुखणे नसलेल्या, उड्या मारत हिंडणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला सपाट तळव्यासाठी व्यायामाला बसवू नये. त्याला खेळू द्यावे. पाच वर्षांच्या आत खेळ हाच व्यायाम.

पासलीचा मुलगा शाळेतून डोंगर उतरून आल्यावर पोटऱ्या धरून बसत असे. उकिडवे बसताना त्याच्या टाचा उचलल्या जात होत्या. म्हणून त्याला मी व्यायाम दिले, तेच इथे सांगतो.

पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा, पोटरी ताणण्याचा. भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहून दोन्ही तळहात भिंतीला टेकवायचे. एक पाय पुढे घेऊन गुडघ्यात वाकवायचा, दुसरा मागे सरळ ठेवायचा. मागच्या पायाचा गुडघा ताठ, टाच जमिनीला घट्ट आणि बोटे नेमकी भिंतीकडे. मग अंग पुढे झुकवायचे. मागच्या पोटरीत ताण जाणवला पाहिजे, कळ येता कामा नये. मनात तीस अंक मोजायचे, मग पाय बदलायचा. प्रत्येक पायाने तीन वेळा, सकाळ-संध्याकाळ. मुले हमखास मागचे पाऊल बाहेर वळवतात. तसे झाले की शीर न ताणता पाऊलच आणखी सपाट होते आणि फायद्याऐवजी तोटा होतो. म्हणून पहिले पंधरा दिवस मोठ्या माणसाने शेजारी उभे राहून मागचे पाऊल सरळ आहे ना, एवढेच पाहावे. फरशीच्या सांध्याच्या रेघेवर पाऊल ठेवायला सांगितले तर सोपे जाते. शेणाने सारवलेल्या अंगणात कोळशाने रेघ ओढावी.

दुसरा, टाचा उचलण्याचा. भिंतीचा हलका आधार घेऊन दोन्ही टाचा सावकाश उचलायच्या, पाच अंक मोजेपर्यंत चवड्यांवर थांबायचे, मग तितक्याच सावकाश खाली यायचे. धप्पकन टाचा आपटल्या तर अर्धा व्यायाम वाया गेला. दहा वेळा केले की विश्रांती, असे दोन ते तीन फेरे. हे जमू लागले की दोन्ही टाचांच्या मधे चिंध्यांचा चेंडू धरायला द्यायचा. टाचा उचलताना चेंडू पडू द्यायचा नाही. चेंडू दाबून धरताना कमान उचलणारा तो नडगीमागचा स्नायू चांगला कामाला लागतो. आठ वर्षांपुढच्या मुलांनी नंतर एकेका पायावर करावे.

तिसरा व्यायाम मुलांना सर्वांत आवडतो. जमिनीवर वीस चिंचोके किंवा गोट्या पसरायच्या आणि स्टुलावर बसून पायाच्या बोटांनी एकेक उचलून वाटीत टाकायच्या. आधी उजव्या पायाने, मग डाव्या. घरात दोन भावंडे असली तर शर्यत लागते आणि सांगावे लागत नाही. मात्र तीन वर्षांच्या आतले मूल आसपास असेल तर चिंचोके आणि गोट्या वापरू नयेत, ते तोंडात घालते आणि श्वास अडकतो. त्याऐवजी जुना पंचा जमिनीवर अंथरून बोटांनी तो आपल्याकडे ओढून गोळा करावा.

चौथा थोडा कठीण आहे, सात-आठ वर्षांपुढच्या मुलांनाच जमतो. तळवा जमिनीवर सपाट ठेवायचा, बोटे न आवळता चवडा टाचेकडे ओढायचा. म्हणजे पाऊल जणू आखूड करायचे. बाहेरून फारसे काही दिसत नाही, फक्त मधला भाग किंचित उचलला जातो. पाच अंक धरायचे, सोडायचे, दहा वेळा करायचे. सुरुवातीला बसून, मग उभे राहून. ज्याला कळत नाही त्याच्या तळव्याखाली मधोमध आपले बोट ठेवून "माझं बोट चिरडू नकोस, वर उचल" असे सांगावे, लगेच समजते.

इतके केले की पंधरा मिनिटे होतात. आठवड्यातून पाच दिवस, निदान तीन महिने. पाय दुखू लागले तर संख्या निम्मी करावी.

बाकीचे काम खेळावर सोपवावे. आपली लंगडी हा या दृष्टीने अप्रतिम खेळ आहे. एका पायावर उड्या मारत कुणाला तरी बाद करायचे, वळायचे, थांबायचे, तोल सावरायचा. तळव्यातल्या एकूण एक स्नायूला त्यात काम पडते. फक्त मूल रोज एकाच पायावर लंगडी घालत असेल तर दुसऱ्या पायावरही घालायला लावावे. दोरीवरच्या उड्या, खो-खो, मुलींची फुगडी आणि झिम्मा, वाळूत चालणे, खाचराच्या बांधावरून तोल सांभाळत जाणे, सगळे उपयोगी. शहरातल्या व्यायामशाळांत तोलासाठी महागडी हलती फळी ठेवतात, पासलीच्या पोराला बांध फुकट मिळतो.

तेलाने तळवे चोळावेत का, असे पुष्कळ आया विचारतात. चोळावेत, मुलाला बरे वाटते, झोप लागते. कमान त्याने येत नाही. पण पाय ओढून, मुरगाळून 'बसवणाऱ्या' माणसाकडे मात्र लहान मुलाला नेऊ नये.

आणि पाय फारच दुखत असतील तर? तयार मिळणारा साधा मऊ आधार चपलेत किंवा बुटात घालून काही महिने पाहायला हरकत नाही. त्याने कमान बनत नाही, दुखणे थोडे हलके होऊ शकते. मापाने बनवलेला महागडा आधार साध्यापेक्षा सरस असल्याचे दिसून आलेले नाही. २०२२ साली कॉक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनी १६ चाचण्या आणि १,०५८ मुलांची माहिती एकत्र तपासली, तेव्हाही महागड्या आधाराच्या बाजूने ठोस पुरावा सापडला नाही.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

आतापर्यंत धीर दिला, पण काही पावले खरोखरच दाखवण्याजोगी असतात आणि ती घरच्या व्यायामावर सोडून चालणार नाही. चवड्यांवर उभे राहूनही ज्याची कमान येत नाही, ते पाऊल ताठर आहे. आठ-दहा वर्षांनंतर असे पाऊल दुखू लागले आणि घोटा वारंवार मुरगळू लागला, तर पावलातली दोन हाडे जन्मतः एकमेकांना जोडलेली असण्याची शक्यता असते. अशा पावलाला व्यायामाने जबरदस्ती केली तर दुखणे वाढते. एकच पाऊल सपाट असणे, दोन्हीपैकी एक नव्याने सपाट होणे, लंगडणे, सांध्याला सूज, सोबत ताप, ही सगळी दाखवण्याची कारणे. आतल्या घोट्याच्या खाली-पुढे हाडाचा उंचवटा असून तिथे बूट लागून दुखत असेल तर तेही दाखवावे. तान्ह्या बाळाचा तळवा सपाट नसून उलटा, बाहेर फुगीर आणि कडक वाटत असेल तर सहा महिने वाट पाहू नये. त्या आठवड्यातच न्यावे.

आणखी एक खूण पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. जमिनीवरून उठताना मूल आपल्याच मांड्यांवर हात टेकवत, स्वतःच्या अंगावर चढल्यासारखे उठते का? जिना चढताना कठड्याला लोंबकळते का? असे असेल तर दोष पावलात नसून स्नायूंच्या आजारात असू शकतो, आणि तिथे वेळ घालवणे महाग पडते.

यासाठी थेट पुण्याला धावण्याची गरज नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून डॉक्टरांचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येते. त्यांना मुलाचे पाय आवर्जून दाखवा. त्यांना गरज वाटली तर पुढे ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी देतील. चिठ्ठी असली की तिथे कुणाला शोधायचे हा प्रश्न राहत नाही.

भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यात पालकांच्या काळजीमागे आणखी एक कारण असते, भरती. पोरगा फौजेत किंवा पोलिसांत जाणार हे घरात ठरलेले असते आणि सपाट पाऊल अपात्रतेच्या यादीत असते हे सर्वांना ऐकून ठाऊक असते. त्यात तथ्य आहे, पण पूर्ण नाही. लष्करी अधिकारी भरतीच्या वैद्यकीय निकषांत असे आहे की चवड्यांवर उभे राहिल्यावर कमान परत येत असेल, उमेदवार चवड्यांवर नीट धावू आणि उड्या मारू शकत असेल, पाऊल लवचीक असेल आणि दुखत नसेल, तर तो पात्र धरावा. ताठर, दुखणारे, टाच बाहेर वळलेले पाऊल अपात्र ठरते. जवानांच्या भरतीत तपासणारा डॉक्टर काय ठरवतो त्यावर बरेच अवलंबून असते, त्यामुळे मी कुणाला हमी देत नाही. एक मात्र सांगण्याजोगे आहे. अमेरिकेच्या पायदळातील २४६ नवशिक्या सैनिकांवर नजर ठेवून १९९३ साली निष्कर्ष मांडले गेले, तेव्हा सर्वांत सपाट पावलांच्या सैनिकांना प्रशिक्षणात दुखापती सर्वांत कमी झाल्या होत्या. तेव्हा सात वर्षांच्या पोराला "तुझं भरतीचं काही खरं नाही" असे चारचौघांत म्हणणे आधी बंद करावे. पोर धावणेच सोडून देते, आणि मग पाय खरोखरच कमजोर होतात. मुलीच्या बाबतीत तर सपाट पाय घराला चांगले नाहीत, असली बोलणी आजही कानावर येतात. ती ऐकून मुली कायम मोजे घालून वावरताना मी पाहिल्या आहेत.

पासलीच्या आजी पौष महिन्यात पुन्हा आल्या. नातू चिंचोके उचलण्यात सगळ्या आळीत पहिला आला होता म्हणे. मी त्याला उकिडवे बसवले. टाचा टेकल्या. पोटऱ्यांचे दुखणे दिवाळीनंतर थांबले होते. उभे राहिल्यावर तळवे मात्र पूर्वीइतकेच सपाट होते, आणि तसे असणार हे मी आजींना आधीच सांगून ठेवले होते. शेरडे गोठ्यातच होती, त्यातली एक व्यायली होती.

त्यांना सांगितले तेच तुम्हालाही सांगतो. मुलाच्या ओल्या पावलाचा ठसा कागदावर घ्या, पेन्सिलीने कडा गिरवा आणि खाली तारीख लिहून ठेवा. दर सहा महिन्यांनी नवा ठसा घ्या, कागद एकाखाली एक ठेवा, आणि दाखवायला याल तेव्हा सगळे घेऊन या.